‘गाणारं व्हायोलिन’: प्रभाकर जोग आणि जुन्या मराठी गाण्यांची मैफल – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या मराठी गाण्यांचा कार्यक्रम म्हटलं की गायक, गायिका, निवेदक आणि वाद्यवृंद असं चित्र डोळ्यांसमोर येतं. प्रभाकर जोग यांनी त्यातून गायकच बाजूला केला आणि व्हायोलिनला गायला लावलं. त्यांच्याविषयी, त्यांच्या मैफलीविषयी आणि एकूणच जुनी गाणी मंचावर आणण्याविषयी रसिक, व्हायोलिन शिकणारी मुलं आणि कार्यक्रम करणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

प्रभाकर जोग कोण होते?

व्हायोलिनवादक, संगीतकार आणि संगीत संयोजक. जन्म २५ डिसेंबर १९३२चा. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. लहान वयातच पुण्याच्या वाड्यांमधल्या कार्यक्रमांत ते साथीला बसू लागले. बिदागी असायची सव्वा रुपया आणि नारळ. पुढे सुधीर फडके यांचे सहायक, गीतरामायणाचे साथीदार, मराठी चित्रपटांचे संगीतकार आणि ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंतले वादक अशा अनेक नात्यांनी ते मराठी सुगम संगीतात वावरले. महाराष्ट्र शासनाचा लता मंगेशकर पुरस्कारही त्यांना मिळाला.

ही ओळख पुरेशी आहे, पण ‘गाणारं व्हायोलिन’ त्यातून कळत नाही. या माणसाने आयुष्याचा मोठा भाग गायकाच्या मागे बसून काढला. गायक श्वास कुठे घेतो, कुठला शब्द सोडून देतो आणि कुठल्या शब्दावर थांबतो, हे त्याने फार जवळून ऐकलं. नंतर तेच सगळं त्याने आपल्या गजातून, म्हणजे व्हायोलिन वाजवायच्या काठीतून, लोकांपुढे मांडलं. साथीदाराच्या कानाशिवाय हा कार्यक्रम जन्माला आलाच नसता, असं माझं ठाम मत आहे.

‘गाणारं व्हायोलिन’ म्हणजे नेमका कसला कार्यक्रम?

लोकांना तोंडपाठ असलेली जुनी गाणी, म्हणजे भावगीतं, चित्रगीतं, भक्तिगीतं, व्हायोलिनवर वाजवायची. तालाला तबला आणि इतर तालवाद्यं, मधल्या संगीताला आणखी एखाददुसरं वाद्य, आणि गायकाच्या जागी व्हायोलिन. मुखडा, अंतरे, पुन्हा मुखड्यावर येणं, सगळं गाण्यात असतं तसंच. ह्याच नावाने जोगांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या.

वाद्यावर गाणी वाजवणं ही काही नवी गोष्ट नव्हती. गोविंदराव पटवर्धनांची हार्मोनियमवरची नाट्यपदं ऐकायला रसिक मुद्दाम जात. पुण्याच्याच एनॉक डॅनियल्स यांनी अ‍ॅकॉर्डियनवर चित्रपटगीतं लोकप्रिय केली. मात्र या दोन्ही वाद्यांचे स्वर पट्ट्यांवर ठरलेले असतात. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, म्हणजे मींड, त्यांतून निघत नाही आणि वादकाला तिचा नुसता भास निर्माण करावा लागतो. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत. बोट तारेवरून सरकलं की दोन स्वरांमधली सगळी जागा ऐकू येते. माणसाचा गळाही तसाच चालतो, त्यामुळे गायकाची जागा घ्यायला हे वाद्य मुळातच जवळचं.

व्हायोलिनमधून शब्द ऐकू येतात असं लोक म्हणतात. हे कसं होतं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि मला स्वतःला सर्वांत आवडणाराही.

यातला पहिला भाग ऐकणाऱ्याचा. गाणं ओळखीचं असेल तर पहिल्या चार-पाच सुरांतच शब्द मनात उमटायला लागतात. अनोळखी चाल वाजवली तर कितीही मोठा वादक असो, शब्द ऐकू येणार नाहीत. म्हणूनच हा कार्यक्रम लोकप्रिय गाण्यांचाच असावा लागतो.

पण तेवढ्यानं भागत नाही. तीच ओळखीची चाल एखाद्या शिकाऊ विद्यार्थ्याने वाजवली की नुसते सूर ऐकू येतात. फरक गजात असतो. ओळीतल्या प्रत्येक अक्षराला गज नव्याने लावला तर गाणं तुटक होतं. अख्खी ओळ एका गजात ओढली तर अक्षरं एकमेकांत विरघळतात आणि उरते ती धून. म्हणून गज कुठे बदलायचा हे वहीतल्या स्वरलिपीवरून, म्हणजे लिहून ठेवलेल्या सुरांवरून, ठरवून चालत नाही, ते कवितेवरून ठरवावं लागतं. शब्द जिथे सुरू होतो तिथे गजाला किंचित धार हवी, आणि शब्दाच्या आतली अक्षरं एकाच गजात बोटांनी मोकळी करायला हवीत. जोडाक्षर आलं की क्षणभर दाब वाढतो. ‘स्वर आले दुरुनी’ ही ओळ घ्या. ‘स्वर’मधल्या ‘स्व’ला दाब दिला नाही तर तिथे कुठलंही साधं अक्षर चालून जाईल. ‘दुरुनी’ मात्र ओढल्याशिवाय दूर वाटत नाही.

तिसरी गोष्ट श्वासाची. व्हायोलिनला श्वास लागत नाही, त्यामुळे वादक न थांबता वाजवत राहू शकतो, आणि गाणं बिघडतं ते बहुतेक इथेच. गायक जिथे श्वास घेतो तिथे गज तारेवरून उचलला पाहिजे. ऐकणारा नकळत त्याच जागी श्वास घेतो आणि पुढची ओळ मनात म्हणतो. जोगांच्या वादनात ही विश्रांती फार सुंदर असे. व्हायोलिन शिकणाऱ्यांनी त्यांची ध्वनिमुद्रणं एकदा फक्त या थांबण्यासाठी ऐकावीत.

शेवटचा भाग कंपनाचा. डाव्या हाताचं बोट हलवून स्वर थरथरवण्याची सवय फार लवकर लागते. प्रत्येक स्वर थरथरला तर गाणं रडवेलं होतं. भावगीतात बहुतेक स्वर सरळ लावायचे आणि कंपन ओळीच्या शेवटी, लांबवलेल्या स्वरापुरतं ठेवायचं.

त्यांचं शास्त्रीय शिक्षण झालं होतं का?

हो. गजाननबुवा जोशी आणि नारायणराव मारुलकर यांच्याकडे. गजाननबुवा हे गायक आणि व्हायोलिनवादक दोन्ही होते, आणि दोन्हींत अव्वल दर्जाचे. गाणाऱ्याचं व्हायोलिन कसं असतं हे शिकायला त्यांच्यासारखा गुरू दुसरा सापडणं अवघड.

शास्त्रीय तालमीचा सुगम संगीतातला खरा उपयोग संयमासाठी होतो, हे मात्र सांगायला हवं. यमन राग माहीत असलेल्या वादकाला यमनातलं भावगीत वाजवताना ताना घेण्याचा मोह होतो. तीन मिनिटांच्या गाण्यात ती जागा नसते. जोग हा मोह टाळत आणि चालीशी प्रामाणिक राहत.

व्ही. जी. जोग आणि प्रभाकर जोग एकच का?

नाही. व्ही. जी. जोग (१९२२–२००४) हे शास्त्रीय संगीतातले विख्यात व्हायोलिनवादक. त्यांचं उत्तरायुष्य कोलकात्यात गेलं. आडनाव आणि वाद्य एकच असल्याने ध्वनिमुद्रणं शोधताना घोटाळा होतो. राग, आलाप, तबल्याबरोबरची लढत ऐकू आली तर ते व्ही. जी., आणि ओळखीचं मराठी गाणं ऐकू आलं तर बहुधा प्रभाकर जोग.

गीतरामायणाशी त्यांचा संबंध कसा होता?

अगदी जवळचा. गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला सुरू झालं. आकाशवाणीचे सीताकांत लाड यांची प्रेरणा, ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल. आठवड्याला एक नवं गीत अशी योजना होती. त्या वर्षी अधिक महिना आला, म्हणून गीतांची संख्या ५६ झाली आणि पुढच्या रामनवमीला, १९ एप्रिल १९५६ रोजी मालिका संपली. वर्षभर दर आठवड्याला नवे शब्द, नवी चाल, गायकाची निवड, तालीम आणि प्रसारण हे चक्र चालू होतं. या सगळ्यात तरुण प्रभाकर जोग व्हायोलिन घेऊन बसलेले होते.

नभोवाणीवरच्या त्या मालिकेत माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, मालती पांडे, राम फाटक असे वेगवेगळे आवाज होते. नंतर फडक्यांनी गीतरामायण एकट्याने मंचावर गायला सुरुवात केली आणि ते महाराष्ट्रभर, महाराष्ट्राबाहेरही गाजलं. या कार्यक्रमांपैकी सुमारे ५०० कार्यक्रमांत जोगांनी साथ केली.

याहूनही मोलाचं काम त्यांनी केलं ते स्वरलेखनाचं. गीतरामायणाच्या चाली त्यांनी स्वरलिपीत उतरवल्या. फडक्यांच्या चालीत एकाच गीतातल्या निरनिराळ्या कडव्यांना बारीक बदल असतात. ऐकून गाणाऱ्या माणसाकडून ते हळूहळू पुसले जातात आणि सगळी कडवी एकसारखी होऊन जातात. जो रोज शेजारी बसून वाजवत होता त्यानेच ते लिहून ठेवले, ही पुढच्या पिढीवर केलेली मोठी कृपा आहे. गीतरामायण आज हौशी मंडळं, शाळा आणि परदेशातली महाराष्ट्र मंडळंही सादर करतात. त्यांनी आधी स्वरलिपी समोर ठेवावी, मग बसवायला घ्यावं.

त्यांनी स्वतः चाली दिलेली गाणी कोणती?

‘लपविलास तू हिरवा चाफा’ हे माडगूळकरांचं गीत, मालती पांडे यांनी गायलेलं. ‘स्वर आले दुरुनी’ आणि ‘प्रिया आज माझी नसे साथ द्याया’ ही यशवंत देवांची गीतं, गायक सुधीर फडके. इथे एक गोष्ट लक्षात घ्या: यशवंत देव स्वतः मोठे संगीतकार, फडकेही मोठे संगीतकार, आणि चाल मात्र जोगांची. त्या काळात ही मंडळी एकमेकांच्या कामात इतक्या मोकळेपणाने मिसळत होती. चित्रपटांत ‘चांदणे शिंपीत जा’मधलं आशा भोसले यांचं ‘हे चांदणे फुलांनी’ आणि ‘जावई विकत घेणे आहे’ची गाणी विशेष गाजली.

अनेकांना यांतली फडक्यांनी गायलेली गाणी पाठ असतात आणि ती फडक्यांच्या चालीतली वाटतात. आवाज फडक्यांचा म्हणून चालही त्यांची, असं गृहीत धरलं जातं.

‘जुनी गाणी’ म्हणजे किती जुनी?

मराठी भावगीताची सुरुवात साधारण १९३०च्या दशकात धरतात. ना. घ. देशपांडे यांची ‘रानारानांत गेली बाई शीळ’ ही कविता गो. ना. जोशी यांनी गायली आणि तिची ध्वनिमुद्रिका घराघरांत पोचली. तोवर लोकप्रिय गाणं म्हणजे नाट्यपद. त्यानंतर गजानन वाटवे (१९१७–२००९) यांनी भावगीत थेट चौकांत, गणेशोत्सवात नेलं. मग आकाशवाणी आली, वसंत प्रभू, सुधीर फडके, श्रीनिवास खळे, यशवंत देव, हृदयनाथ मंगेशकर आले.

गाण्याचा आकार तबकडीने ठरवला. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांच्या थोडं वर एवढंच मावायचं. कवितेला आठ कडवी असली तरी दोन-तीनच निवडावी लागत, वाद्यांचं मधलं संगीत काही सेकंदांत बसवावं लागे. या बंधनातून जी घट्ट वीण तयार झाली, तिच्यामुळेच ही गाणी आजही कंटाळा न आणता ऐकली जातात.

मूळ गाण्यातलं मधलं संगीत मैफलीत कुठून आणतात?

कानाने. दुसरा मार्ग सहसा नसतो. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी संयोजकाने वादकांसाठी कागदावर लिहिलेले तुकडे काम झालं की टाकून दिले जात. तबकडीवर गायकाचं, कवीचं आणि संगीतकाराचं नाव येई. बासरी कोणी वाजवली, सतारीचा तो तुकडा कोणाचा, याची नोंद बहुतेक वेळा कुठेच सापडत नाही.

आणि तरी लोक गाणं ओळखतात ते पुष्कळदा शब्द सुरू व्हायच्या आधीच, सुरुवातीच्या संगीतावरून. तो तुकडा वाजला की टाळी पडते, गायकाने तोंड उघडलेलंही नसतं. ज्याने तो रचला, ज्याने वाजवला, त्याला ती टाळी कधी मिळाली नाही. जोग स्वतः या अनामिक वादकांच्या रांगेतून पुढे आलेले होते, म्हणून त्यांच्या मैफलीला मी वेगळं मानतो. मागे बसणारा वादक इथे मधोमध येऊन बसला.

चालीत किंवा लयीत बदल करावा का?

माझ्या मते चालीला हात लावू नये. सगळं गाणं थोडं वरच्या किंवा खालच्या सुरात घेणं, म्हणजे गायकाच्या पट्टीऐवजी व्हायोलिनला सोयीची पट्टी धरणं, कडवी कमी करणं, हे ठीक. गीतरामायणातल्या ‘पराधीन आहे जगती’सारख्या अनेक कडव्यांच्या गीतात तर निवड करावीच लागते, कारण गायक प्रत्येक कडव्यात नवा अर्थ सांगत असतो आणि वाद्याकडे तो अर्थ नसतो. दोन-तीन कडवी वाजवून थांबावं.

लय वाढवण्याची मात्र खोड वाईट आहे. जुनं गाणं ‘आजच्या मुलांना आवडावं’ म्हणून जलद करतात, त्यावर मोठा ठेका चढवतात. मग शब्दांना जागाच उरत नाही. आजच्या मुलांना संथ गाणं आवडत नाही हा मोठ्यांचा समज आहे. त्यांना ते नीट ऐकवलं तर ती ऐकतात.

गायक नसेल तर कवीचं काय होतं?

हा आक्षेप रास्त आहे. वाद्यसंगीतात कवी दिसेनासा होतो. उपाय एकच: प्रत्येक गाण्याआधी कवी, संगीतकार आणि मूळ गायक ही तिन्ही नावं सांगायची, आणि शक्य असेल तर मुखड्याच्या दोन ओळी निवेदकाने वाचायच्या. ओळी कानांवर पडल्या की पुढे व्हायोलिन त्या बोलू लागतं. कार्यक्रमपत्रिकेत नुसती गाण्यांची यादी छापून ही नावं गाळणं मला अक्षम्य वाटतं. नावं तपासायला ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ उत्तम आहे. तिथे बहुतेक गीतांचे शब्द आणि श्रेयनामावली मिळते.

आम्हाला अशी मैफल करायची आहे. काय लक्षात ठेवावं?

सभागृह लहान निवडा. दोनशे-तीनशे माणसं बसतील असं बरं. व्हायोलिनचा आवाज मोठ्या जागेत कर्ण्यांतून आला की कर्कश होतो, म्हणून ध्वनिव्यवस्थेच्या माणसाला आधीच सांगा की वरचे सूर बोचरे होऊ देऊ नका. तालवाद्यं व्हायोलिनच्या खाली राहिली पाहिजेत. गायकाचा आवाज तबल्यावर मात करतो, व्हायोलिन तेवढी मात करू शकत नाही.

गाण्यांचा क्रम लावताना एकाच रागातली किंवा एकाच लयीची दोन गाणी पाठोपाठ घेऊ नका. गायक असला की शब्द बदलतात आणि श्रोता सावरला जातो, इथे तो आधार नाही. दोन-अडीच तासांच्या कार्यक्रमाला सोळा ते अठरा गाणी पुरतात. आणि लोक गुणगुणायला लागले तर त्यांना थांबवू नका. एरवी मैफलीत ते खटकतं, या मैफलीत तीच वादकाला मिळालेली दाद असते.

परवानगी लागते का?

तिकीट लावून कार्यक्रम करत असाल तर हो. भारतीय कायद्याप्रमाणे गीत आणि चाल यांचा स्वामित्वहक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. माडगूळकरांचं निधन १९७७ साली आणि फडक्यांचं २००२ साली झालं, तेव्हा गीतरामायण अजून पुष्कळ वर्षं हक्काखाली आहे. सादरीकरणाचा परवाना साधारणपणे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडून घेतात. हौशी मंडळाने तिकिटाशिवाय केलेल्या कार्यक्रमाला कायद्यात सूट आहे, पण प्रायोजक असतील तर आधी विचारून घेतलेलं बरं.

मुलगी व्हायोलिन शिकते आहे. तिला ही गाणी कधी द्यावीत?

सूर जागेवर लागायला लागले की लगेच. आधी गाणं तोंडाने गायला लावा, शब्दांसह, मग वाद्यावर. जिला ओळ म्हणता येत नाही तिला ती वाजवताही येणार नाही. गाण्याचा आवाज गोड नसला तरी चालेल, शब्द कुठे तुटतो एवढं कळायला हवं.

पहिल्यांदा ऐकताना कुठून सुरुवात करू?

आधी ‘स्वर आले दुरुनी’ फडक्यांच्या आवाजात दोनदा ऐका, शब्द समोर ठेवून. मग ‘लपविलास तू हिरवा चाफा’. त्यानंतर जोगांच्या व्हायोलिनवरची गाणी लावा आणि त्यांत तुम्हाला पाठ असलेलंच गाणं आधी निवडा. गीतरामायण शेवटी ठेवा. तिथे फडक्यांच्या आवाजामागे कान द्या आणि दोन ओळींच्या मधल्या जागा व्हायोलिन कसं भरतं ते ऐका.